फ्लेक्सवरचे दात

पनवेलच्या जुन्या बाजारात लहान मुलांच्या दातांचा दवाखाना चालवताना सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य एकच आहे : "दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत." रिक्षावाला हे बोलतो, प्राध्यापक बोलतो, बालवाडीची बाई बोलते. काही दंतवैद्यही बोलतात, आणि बोलताना त्यांच्या डोक्यावर पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत लटकत असते. वाक्य खरे आहे. पहिलीची पुस्तकेही एक दिवस रद्दीत जाणारच असतात, म्हणून कोणी ती जूनमध्येच विकून टाकत नाही.

दुधाचा दात चावतो आणि जागा धरतो. यातले दुसरे काम बहुतेकांना ठाऊक नसते. एसटी फलाटावर लागण्याआधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसा हा दात, विशेषतः दाढ, मागून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा राखून असतो. रुमाल आधीच उचलला गेला की शेजारी सरकून बसतात आणि हक्काचा प्रवासी दाटीत वाकडातिकडा उभा राहतो. दहा-बारा वर्षांची मुले तारा लावायला येतात, तेव्हा त्यांच्या आया म्हणतात, "आमच्या घराण्यात कोणाचेच दात वाकडे नाहीत." घराण्याचा प्रश्न नसतो. मूल चार वर्षांचे असताना किडून काढावी लागलेली दाढ घराण्याच्या आठवणीतून गेलेली असते.

दुसरा शब्द म्हणजे "सवय". "त्याला सवयच आहे हो," असे आईबाप अशा सुरात सांगतात, की मूल ती पोटातून घेऊन आले आणि आता त्यांच्यावर लादत आहे. इतक्या वर्षांत पाहिलेल्या मुलांपैकी स्वतःहून सवय शोधणारी मुले अंगठ्यापाशी थांबतात. अंगठा मुलाला आपला आपण सापडतो. बाकीच्या सवयी त्याला घरपोच मिळतात.

अंगठ्याचेच उदाहरण घेऊ. नवीन पनवेलच्या एका टॉवरमधले जोडपे पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. वरचे दात पुढे आलेले, खालचे आत गेलेले, मधून जीभ दिसेल एवढी फट. तिच्या अंगठ्याला कारल्याचा रस लावून झाला होता, मिरची लावून झाली होती, चिकटपट्टी गुंडाळून झाली होती. वडिलांनी फ्रिजवर रंगीत तक्ता लावला होता : अंगठा न चोखलेल्या दिवसाला हिरवा तारा, चोखलेल्या दिवसाला लाल फुली. तक्त्याचा फोटो त्यांनी अभिमानाने दाखवला. सगळा लाल होता.

"शेम शेम," आई तिला म्हणाली. "सांग डॉक्टरांना किती मोठी झालीस ते."

मुलीने तिथेच अंगठा तोंडात घातला. त्या खोलीत तिच्या बाजूने तेवढाच होता.

तीन-चार वर्षांपर्यंत अंगठ्याकडे दुर्लक्ष करावे. त्यानंतर सोडवायचा तर मुलाला बरोबर घेऊन सोडवावा लागतो, मुलाविरुद्ध मोहीम काढून नाही. हे वाक्य त्या वडिलांनी मोबाइलवर टिपून घेतले आणि विचारले, "पण तक्ता चालू ठेवू ना?"

मोबाइलवरून आठवले. आजकालची एक सवय अशी, की मूल पडद्याकडे बघत जेवते आणि घास गिळायला विसरते. पोळीचा लगदा गालात अर्धा अर्धा तास भिजत पडतो. मागच्या दाढा गालाकडून किडतात. आई सांगते, "सगळं जेवतो हो, फक्त मोबाइल लागतो." जेवतो म्हणजे तोंडात साठवतो. गोदामातही माल याहून लवकर हलतो.

ही किरकोळ प्रकरणे झाली. जे प्रकरण सविस्तर सांगायचे आहे, ते विहानचे.

विहान पहिल्यांदा आला तेव्हा तीन वर्षांचा व्हायला आठवडा उरला होता. बरोबर वडील नितेश आणि नितेशची आई हिराबाई. मंडळी जवळच्या ओवे गावची. नितेशचे जेसीबी आणि डंपर भाड्याने जातात. त्याची बायको प्रणाली हिला पुन्हा दिवस गेले होते आणि उलट्यांनी ती हैराण होती. त्यामुळे विहान आजीजवळ झोपत होता. ही माहिती नितेशने दिली. ती किती महत्त्वाची आहे हे त्याला माहीत नव्हते.

एवढ्या लहान मुलाला खुर्चीत बसवत नाहीत. दंतवैद्य आणि घरचे माणूस समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मुलाचे पाय घरच्या माणसाच्या कमरेभोवती आणि डोके दंतवैद्याच्या मांडीवर. मूल रडते, आणि रडताना तोंड आपोआप उघडते. विहान रडला. वरच्या पुढच्या चारही दातांचे तपकिरी खुंट उरले होते. एकाच्या वर, हिरडीवर, पिवळट फोड होता. खालचे दात स्वच्छ, पांढरे, जागच्या जागी.

हे चित्र पाहिल्यावर दुसरे काही विचारावे लागत नाही, तरी विचारतात.

"रात्री बाटली घेतो का?"

"नाय," हिराबाई म्हणाल्या.

विहानने डोळे पुसले, आजीच्या पिशवीत हात घातला आणि बाटली बाहेर काढली.

"ती दिसाची हाय," हिराबाई म्हणाल्या.

"काय असतं त्यात?"

"दूद."

"नुसतं?"

"पावडर असते. चाकलेटची."

"आणि?"

"साखर. पावडर कडू लागते त्याला."

डब्यातल्या त्या पावडरीत आधीच साखर असते, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ती कंपनीची. आमी आमची घालतो."

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. एरवी लाळ दात धुते; रात्री ते काम बंद असते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या दातांमागे गोड दुधाचे तळे साचते आणि सकाळपर्यंत तिथेच राहते. खालच्या दातांवर जीभ येते, म्हणून ते वाचतात. वरचे कुजलेले आणि खालचे शाबूत, अशी जोडी दिसली की बाटली पिशवीत कुठे आहे एवढेच शोधायचे राहते.

नितेशचा प्रश्न वेगळा होता. "मॅडम, रविवारी बड्डे आहे. तोपर्यंत दात बसवून द्या ना."

त्याला सांगितले ते असे. फोड म्हणजे पू आहे. किडीची वाढ थांबवणारे औषध आज लावता येईल. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण किडणे थांबते. मग जे दात वाचवण्यासारखे आहेत त्यांच्या मुळांवर उपचार करून वर टोप्या बसवता येतील. रात्रीची बाटली आजपासून बंद. हे टाळले तर पू हाडातून पसरतो, सूज डोळ्याकडे जाते, आणि वर तयार होत असलेल्या पक्क्या दातांनाही धक्का बसतो.

यातला एकच शब्द नितेशपर्यंत पोहोचला.

"काळं? बड्डेला काळे दात?"

"आत्ता कोणत्या रंगाचे आहेत?"

"आत्ता कोणाला माहीत नाही ना, मॅडम. तो हसतच नाही."

"का हसत नाही?"

"लाजतो," नितेश म्हणाला. मग त्याने मोबाइल पुढे केला. "हे बघा. फ्लेक्सवाल्याने दोन मिनिटांत केलं. आणि तुम्ही पाच-सहा वेळा यायला सांगताय."

फोटोत विहान लाल मखमली सिंहासनावर बसला होता. डोळ्यांना गॉगल, गळ्यात सोन्याची जाड साखळी, मागे सिंह. वर ठळक अक्षरांत : 'गावाची शान विहानशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, गावाच्या मतदारयादीएवढे. आणि विहान हसत होता. तोंडभर, पांढरेशुभ्र. दात रुंद होते, कडा सपाट होत्या, सुळे भरलेले होते. फ्लेक्सवाल्याने तीन वर्षांच्या जबड्यात चाळिशीतल्या पुरुषाचे दात बसवले होते, बहुधा टूथपेस्टच्या जाहिरातीतून उचलून. नितेशला त्यात काही खटकले नव्हते. हिराबाई म्हणाल्या, "कसा राजासारका दिसतो."

विहानने फोटोकडे पाहिले नाही. तो बाटली पीत होता.

काळे औषध त्यांनी लावू दिले नाही. गोळ्या-औषधाची चिठ्ठी घेतली. "बड्डे झाला की येतो," असे सांगून ते गेले. जाताना नितेशने वाढदिवसाचे आमंत्रण दिले. केक चार मजली आहे, म्हणाला.

रविवार गेला. कोणी आले नाही. मी खारघरला राहते. पनवेलला येताना ओव्याचा फाटा लागतो. फ्लेक्स फाट्यावरच होता. रोज सकाळी सिग्नलला गाडी थांबली की विहानशेठ वरून त्या जाहिरातीतल्या दातांनी हसायचे.

वाढदिवसानंतरच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन लावला. हिराबाईंनी उचलला.

"बरा हाय आता," त्या म्हणाल्या. "ठणका गेला. जेवला पण."

"पू कमी झाला? औषध दिलंत का?"

"औषद ओकला तो. मग मशेरी लावली हिरडीला. लगेच थंड पडला."

मशेरी म्हणजे तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखूची पूड. या भागातल्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ ती दातांना घासतात आणि तिला दात घासणेच म्हणतात. तिने हिरडी बधिर होते, म्हणून दुखत्या दातावर ती घरचे औषध ठरली आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हिरडीवर तंबाखू चोळली तर ते मूल थंड पडते हे बरोबर. त्याला गरगरते, मळमळते आणि ते गप्प होते. घरचे म्हणतात, उतार पडला. पू आपल्या वाटेने जात राहतो. फक्त तक्रार करणारे तोंड बंद झालेले असते.

हे सगळे फोनवर सांगितले. "मशेरी पुन्हा लावू नका. आज घेऊन या," असेही सांगितले.

"उद्या आणते गो बाय," हिराबाई म्हणाल्या. "आज पावनी हायेत घरात."

उद्या कोणी आले नाही.

इथे नवीन पनवेल, खारघर आणि कामोठ्याच्या वाचकांनी मान हलवून सुस्कारा सोडू नये. मशेरी त्यांच्याकडे नसते. त्यांच्याकडे चोखणीला मध लावतात, कारण मध नैसर्गिक असतो. साखर घरात येऊ देत नाहीत आणि बाटलीत खजुराचे सिरप घालतात. "आम्ही शुगर देतच नाही, डॉक्टर, ओन्ली जॅगरी," असे सांगणाऱ्या एका आईच्या मुलाचे वरचे चार दात विहानच्याच रंगाचे होते. तिने बाटलीला निर्जंतुक करण्याचे यंत्र घेतले होते. त्यामुळे दात अत्यंत स्वच्छ बाटलीने किडले. या मंडळींचा आणि हिराबाईंचा फरक एवढाच, की ही मंडळी उपचारापूर्वी दुसरे मत घ्यायला जातात आणि मत मिळेपर्यंत बाटली चालू ठेवतात.

आठवडा उलटायच्या आत, दवाखाना उघडत असतानाच नितेश विहानला खांद्यावर टाकून जिना चढला. मागे हिराबाई, मागे भिंतीला धरत प्रणाली. विहानचा उजवा गाल डोळ्यापर्यंत फुगला होता. पापणी बंद. कातडी लाल, ताणलेली, हाताला गरम. ताप भरलेला होता.

"मधमाशी चावली वाटतं, मॅडम," नितेश म्हणाला.

"मधमाशी नाही. दात आहे."

"पण ठणका तर थांबलेला."

"बधिर केला होता. थांबला नव्हता."

दवाखान्यात करण्यासारखे काही उरले नव्हते. अशा सुजेला शिरेतून औषध लागते, मुलावर नजर ठेवावी लागते आणि पुवाचे मूळ भूल देऊन काढावे लागते. रुग्णालयात फोन करून बालरोगतज्ज्ञाशी आणि तोंडाच्या सर्जनशी बोलणे झाले. तोपर्यंत प्रणाली विहानचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

"डोळा वाचेल ना?" तिने विचारले. ती पहिल्यांदाच दवाखान्यात आली होती आणि तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"आत्ता निघालात तर वाचेल असं वाटतं. थांबू नका."

"मॅडम, आधी नीट सांगितलं असतं ना, तर..." नितेशने सुरुवात केली.

"त्यांनी सांगितलेलं," प्रणाली म्हणाली. "तुमी मला घरी येऊन सांगितलं, डॉक्टर काळे दात करतात म्हणून. पुवाचं नाय सांगितलं." मग सासूकडे न बघता म्हणाली, "चला."

हिराबाईंच्या कमरेला मशेरीची डबी खोचलेली होती. ती त्यांनी पदराखाली सरकवली.

डोळा वाचला. पापणी उघडायला दोन दिवस लागले. सूज उतरल्यावर सर्जनने पुढचे चारही दात काढले. वाचवण्याजोगा एकही राहिला नव्हता. पहिल्या भेटीत निदान दोन होते. हे सर्जनने विचारले म्हणून सांगितले. नितेशला सांगून उपयोग नव्हता.

मी रुग्णालयात भेटायला गेले तेव्हा नितेश वॉर्डाबाहेर उभा होता. "पक्के दात कधी येतील?"

"सात वर्षांच्या आसपास."

"सात? आणि तोपर्यंत?"

उत्तर प्रणालीने दिले. "तोपर्यंत फ्लेक्स बघा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर विहान तपासणीला नियमित आला. दर वेळी हिराबाई त्याला घेऊन यायच्या. मागच्या दाढांवर कीड सुरू झाली होती. त्यांवर काळे औषध लावले. या वेळी रंगाबद्दल कोणी विचारले नाही. चार दात गेल्याने विहानला 'फ' आणि 'व' नीट म्हणता येत नव्हते. आपले नाव तो 'इहान' सांगायचा.

बाटली सोडवायची रीत साधी आहे. दुधात रोज थोडे पाणी वाढवत न्यायचे आणि साखर-पावडर कमी करत न्यायची. शेवटी बाटलीत नुसते पाणी उरते आणि मुलाचा तिच्यातला रस संपतो. रीत मुलासाठी सोपी असते. घरच्यांना ती जमत नाही, कारण मूल रडू लागले की कोणीतरी उठून चमचाभर साखर घालते. हिराबाईंनी घातली नाही.

"गाव जागा ठेवला यानं," त्यांनी सांगितले. "नितेश उठला साखर घालाया. मी डबाच लपवला."

"आणि तुमची मशेरी?"

"माझी नाय सुटत. त्याची बाटली सुटली, तेवडं लिवा." त्या हसल्या. त्यांचे स्वतःचे दात मुळापासून काळे होते.

फाट्यावरचा फ्लेक्स मात्र कोणी उतरवला नाही. उन्हाळा, पाऊस, पुन्हा ऊन. फ्लेक्सवर पांढरा रंग छापलेला नसतो; तिथे कोरे कापडच दिसते, म्हणून तो उडतही नाही. लाल सिंहासन गुलाबी झाले, सिंह ओळखेनासा झाला, शुभेच्छुकांचे चेहरे विटले, विहानचा चेहराही गेला. दात तेवढे राहिले. सिग्नलला थांबल्यावर वर्षभर ते पाहिले. पेशात राहून एवढे टिकाऊ काम मला कधी जमले नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्या जागी नवा फ्लेक्स दिसला. चौथा वाढदिवस. सिंहासन तेच, साखळी तीच, शुभेच्छुक थोडे वाढलेले. मधोमध विहान तोंड उघडून हसत होता आणि वर पुढे मोठी मोकळी जागा होती. कोणी काही भरलेले नव्हते. त्याच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची बहीण होती, डोक्याला मोत्यांची पट्टी लावलेली. आणि तिच्या हातात बाटली.

दवाखान्यात पोहोचताच नितेशच्या घरी फोन लावला. हिराबाईंनीच उचलला.

"बघितला का फ्लेक्स?" त्यांनीच विचारले. "दात नाय लावले या वेळी. नितेशनं लावलेले, पन पोऱ्या दुकानात आरडला. बोल्ला, हा मी नाय. दात काढले तवा गप झाला."

"फ्लेक्स चांगला आहे. बहिणीच्या हातात बाटली कशाला आहे?"



"पानी हाय त्यात," हिराबाई म्हणाल्या. "मीच भरते. तिच्या आयलापन भरू देत नाय."

"मग तिला घेऊन या एकदा दाखवायला."

"तिला?" त्या हसायला लागल्या. "काय दाखवू गो बाय? तिला अजून एक दात नाय आला."

"म्हणूनच," मी म्हटले.